मागच्या गाडीवरचं तेल

(विश्रामबाग, सांगली. मार्च १९९६, रविवारची सकाळ. टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली आहे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दहिवडीहून आलेल्या आण्णांच्या डोळ्यांवर पट्टी आहे; शेजारी बायको बनाबाई आणि नात दीपमाला.)

बनाबाई: आवं, एकीला बी मडगाड न्हाई! चाकं निस्ती उघडी. टप न्हाई, दार न्हाई. आनि ड्रायव्हर बसलाय कसा, तर बाजेवर पडल्यागत.

आण्णा: पडून गाडी चालवतोय?

बनाबाई: पडूनच की. वर निस्तं डोस्कं दिसतंय, त्येबी टोपरं घातलेलं.

दीपमाला: हेल्मेट, मोठी आई. आणि आण्णा, गाडी जमिनीपासून दोनच बोटं वर असते.

आण्णा: दोन बोटं? आपल्या दहिवडीच्या रस्त्याला पैल्याच खड्ड्यात चेंबर फुटंल तिचं.

दीपमाला: म्हणून तर ऑस्ट्रेलियात पळवतात. बरं, आता कुणी बोलू नका हं. मोसमातली पहिली रेस आहे. नोव्हेंबरपासून वाट बघतेय मी.

आण्णा: बोलू नका कसं? मी काय पट्टीतनं बघू? बना, तू बोल. जे दिसंल त्ये सांग. रंगासकट सांग.

बनाबाई: सांगते. पर साडेअकराला पट्टी सोडायची हाय, ध्येनात हाय न्हवं? डाक्टरनी रविवार असून बोलीवलंय.

आण्णा: आज न्हाई. उद्या बघू.

बनाबाई: काल म्हनला आज, आज म्हनता उद्या.

आण्णा: डाव्या डोळ्याची पट्टी बी तू अशीच घाईनं सोडाय नेली हुतीस. काय दिसलं? काळंमिट्ट. आता ह्यो एकच ऱ्हायलाय. पट्टी हाय तवर निदान वाटतंय तरी, की आत दिसत आसंल.

दीपमाला: शू! लाल दिवे लागले. एक, दोन, तीन, चार, पाच... विझले! सुटले!

बनाबाई: आगं बया! ह्या काय गाड्या म्हनायच्या का... आगं बया बया बया! उडाली! पिवळी उडाली! उलटी हून पडली! आवं, दोन तुकडं झालं गाडीचं!

आण्णा: ड्रायव्हर? आगं ड्रायव्हरचं सांग!

दीपमाला: लाल झेंडा दाखवला. रेस थांबवली.

आण्णा: गाडी जाऊ दे चुलीत. मानूस कुठं हाय?

बनाबाई: निस्ता धुरळा हाय... थांबा... निघाला! खालनं निघाला वो! आपल्या पायानं चालतोय. आवं, पळाय लागला की!

आण्णा: भ्याला आसंल बिचारा.

दीपमाला: भ्यायलाय कुठला! दुसरी गाडी घ्यायला पळतोय. रेस परत सुरू होणार ना. आधी डॉक्टरांनी तपासायचं, ते हो म्हणाले की राखीव गाडीत बसायचं. बघा, बघा, लोक उभं राहून टाळ्या वाजवताहेत!

बनाबाई: ऐकलंसा? त्यो पळत डाक्टरकडं गेला. आनि तुमी रिक्षात बसून जाईनासा.

आण्णा: त्यो तरना हाय.

बनाबाई: त्याच्या गाडीचं दोन तुकडं झाल्यात. तुमचं काय झालंय?

आण्णा: दीपे, परत सुटल्या का गं गाड्या?

दीपमाला: सुटताहेत, सुटताहेत! आता नीट ऐका. सगळ्यांत पुढं दोन निळ्या-पांढऱ्या गाड्या आहेत. दोन्ही एकाच मालकाच्या. पहिल्या गाडीतला माझा. आयुष्यातली पहिली रेस त्याची, आण्णा, पहिली! आणि सगळ्यांच्या पुढं उभा राहिला! मागचा अनुभवी आहे, त्याच मालकाचा.

बनाबाई: मला त्यांची नावं घ्याय येत न्हाईत. फुडचा धाकला, मागचा थोरला. चालंल?

दीपमाला: पळेल!

आण्णा: आनि वर छपरावर कोन नाचतंय?

दीपमाला: वरच्या मजल्यावरचा ऋषिराज. तो लाल गाडीच्या बाजूचा आहे. काल जिन्यात मला म्हणाला, तुझं ते नवं पोरगं दहा फेऱ्या टिकलं तर मिशी काढीन.

बनाबाई: त्याला मिशी कुठं हाय?

दीपमाला: तेच म्हटलं मी!

आण्णा: आवाज जरा वाढीव. हां. काय गातंय गं इंजिन! आमच्या एष्टी डेपोत अशी गाडी आली आसती तर रातभर तिथंच निजलो आसतो. बना, काय चाललंय?

बनाबाई: थोरला धाकल्याच्या पाठीलाच लागलाय. आंग लावून पळत्यात दोघं... ये ये ये! घसरली! धाकल्याची गवतात गेली!

दीपमाला: गेलं! गेलं सगळं!

बनाबाई: रडू नगं, आली की वर. फुडंच हाय आजून.

दीपमाला: पुढंच आहे? पुढंच आहे! आण्णा, पुढंच आहे!

आण्णा: माझा खांदा सोड, पोरी. वरचा का गप झालाय?

दीपमाला: लाल गाडी मघाच थांबली. ब्रेक गेले.

आण्णा: तरीच. बसला आसंल डोस्क्याला हात लावून.

बनाबाई: दीपे, एक सांग. थोरल्याच्या गाडीचं तोंड मघा पांढरंफेक हुतं. आता तपकिरी का दिसतंय?

दीपमाला: धूळ असेल, मोठी आई.

बनाबाई: धूळ न्हाई त्ये. तेल हाय.

दीपमाला: तुम्हाला टीव्हीवरनं कसं कळणार?

बनाबाई: तीस वर्सं ह्यांची खाकी कापडं धुतल्यात मी, दगडावर आपटून. धूळ झटाकली की जाती. तेल पसरत जातं आनि उनात चकाकतं. त्ये बघ. चकाकतंय.

आण्णा: थांबा. बना, नीट बघून सांग. तेल कुठं हाय? तोंडाला का शेपटाला?

बनाबाई: तोंडाला. त्याच्या टोपऱ्याच्या काचंवर बी हाय. हातानं पुसतोय त्यो.

आण्णा: मग त्याचं न्हवं. आपल्या गाडीचं तेल गळलं तर मागं उडतं, तोंडाला न्हाई येत. त्ये फुडच्या गाडीचं हाय. दीपे, तुझ्या धाकल्याचं तेल चाललंय.

दीपमाला: काहीतरीच! टीव्हीवाले तर काहीच बोलत नाहीत.

बनाबाई: त्यांनी कवा कापडं धुतली?

आण्णा: किती फेऱ्या ऱ्हायल्या?

दीपमाला: आठ.

आण्णा: आठ म्हंजी लय झाल्या. तेल सपलं की इंजिन जागच्या जागी जाम. मग ढकलून बी हलनार न्हाई. त्यानं आता ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला तरच पोचंल.

दीपमाला: पाय उचलला तर मागचा पुढं जाईल ना, आण्णा! पन्नास फेऱ्या पहिला आहे तो!

आण्णा: मला ठावं हाय गं. त्याला बी ठावं आसंल.

दीपमाला: आण्णा... मालकाची माणसं फळी दाखवताहेत त्याला. कडेच्या भिंतीवरनं. 'हळू' लिहिलंय.

आण्णा: बघ!

दीपमाला: नको ना! ऐकू नको त्यांचं! थोड्याच फेऱ्या राहिल्यात!

आण्णा: उचल पाय, लेकरा. उचल. इंजिन वाचीव.

बनाबाई: गेला... थोरला फुडं गेला.

दीपमाला: मी नाही बघत आता.

आण्णा: बना, तू बघ! धाकला चालू हाय का? थांबला तर न्हाई?

बनाबाई: चालू हाय. हळू चाललाय, पर चालू हाय. मागनं लाल गाडी येतीया, दुसरी लाल. लांब हाय आजून.

आण्णा: येऊ दे. जपून, जपून... वळनावर गियर पाडू नगंस...

बनाबाई: थोरला पोचला! चौकटीचा झेंडा हालीवला. आता धाकला... आला... आला वो! पोचला! दीपे, तोंडावरचा हात काढ, दुसरा आला तुझा!

दीपमाला: दुसरा? पहिल्याच रेसमध्ये दुसरा! ऋषिराज, ऐकलंस का रे! दुसरा!

आण्णा: खिडकीतनं पडशील, हळू! पोचला गड्या. गळक्या इंजिनानं पोचला. वा!

दीपमाला: मोठी आई, बघा! टीव्हीवाले आत्ता दाखवताहेत, थोरल्याच्या गाडीवर तेलच तेल! तुमचं तेल!

बनाबाई: आता दिसलं व्हय त्यांना?

आण्णा: तीस वर्सं तेलात हात घातलं मी, आनि डाग वळाखला तू.

बनाबाई: तुमी घरला आनत हुता. धूत हुते मी.

आण्णा: कसा हाय गं त्यो डाग? लय मोठा हाय?

दीपमाला: संध्याकाळी सात वाजता अख्खी रेस परत दाखवणार आहेत, आण्णा.

आण्णा: अख्खी?

दीपमाला: पहिल्यापासनं.

आण्णा: आता किती वाजलं?

दीपमाला: साडेदहा.

आण्णा: मग बसलीस काय? रिक्षा बोलाव. माझी चप्पल कुठाय?

बनाबाई: उद्या म्हनला हुता न्हवं?

आण्णा: उद्या परत दाखवत्यात का?

बनाबाई: न्हाई.

आण्णा: मग?... बना.

बनाबाई: आं?

आण्णा: न्हाईच दिसलं तर गं?

बनाबाई: तर सात वाजता परत सांगीन की. आत्ता सांगितलंच न्हवं समदं? द्या हात. उंबरा हाय फुडं.

दीपमाला: आण्णा, एक मिनिट थांबा! पहिले तिघं बक्षिसाच्या पायरीवर चढलेत, धाकल्यानं बाटली हातात घेतलीय आणि थोरल्याकडं वळून त्यानं...

आण्णा: आगं सांगू नगंस. तेवढं ऱ्हाऊ दे सात वाजता बघाय.