किनाऱ्यानंतर घाट लागत नाही

आदरणीय अध्यक्ष रत्नप्रभाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, सुट्टीच्या शुक्रवारची दुपारची झोप मोडून आलेले मंडळाचे सभासद, सत्कारमूर्ती संजीवराव, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या विभावरीवहिनी,

अध्यक्षांनी आज मला हवा तेवढा वेळ बोलायला सांगितलंय. असं प्रथमच घडतंय. कारण पुढे कळेल.

वहिनींना मी सत्कारमूर्तींत धरलं नाही, ते विसरून नव्हे. तासापूर्वीपर्यंत त्या दोहा सोडून जाणार की नाही, हे संजीवरावांनाही ठाऊक नव्हतं.

इथल्या रास लफानच्या प्लँटवर गॅस थंड करून द्रव करण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या या माणसाला टेक्ससच्या किनाऱ्यावर तेच काम मिळालं. आपण इथे वर्ल्ड कपची तिकिटं लागतात का बघत बसणार, यांना त्याआधीच निघायचंय. वहिनी चिपळूणच्या. त्यांची अट एकच: इतकी वर्षं सपाटी पाहिली, आता जवळपास डोंगर हवा. खोटं काय त्यात? दोहात उंचावर जायचं तर वर्ल्ड कपसाठी बांधलेला उड्डाणपूल, आणि तोही नेमका बंद असतो.

संजीवरावांनी नकाशा उघडला. मला सांगा, मराठी माणूस किनारा दिसला की काय करतो? पुढे घाट धरूनच चालतो. किनारा, तासाभरात घाट, वर चढलं की देश. जगाचा आराखडाच तसा, अशी आपली समजूत. त्यांनी तसं सांगून टाकलं. वहिनींनी बॅगा भरल्या.

मग लेक ईश्वरीनं फोनवर बघितलं. "बाबा, इट्स फ्लॅट. ऑल फ्लॅट."

समुद्रात वाळूची लांबलचक बेटं, काठाला खारी दलदल, आत पाइनची जंगलं, मग काळ्या मातीची गवताळ माळरानं. चुनखडीच्या टेकड्या आहेत, पण गाडीनं पाचेक तासांवर. खरे डोंगर पार पश्चिमेच्या वाळवंटात, दिवसभर गाडी हाकल्यावर. आणि हे सगळं एकाच राज्यात, बरं का.

वहिनींनी साड्या परत कपाटात लावल्या. प्लँटवर दोनदा तपासल्याशिवाय व्हॉल्व्हला हात न लावणारा माणूस, बायकोला अख्खं राज्य दाखवताना एकदाही तपासत नाही. महिनाभर आमच्याकडे पोह्यांना एकटेच येत होते. समोरची बशी तशीच राहायची.

शेवटी ते वहिनींना म्हणाले, "घाट नाही. मी न बघताच बोललो. तू नाही आलीस, तर मीही जात नाही."

वहिनी नुसत्या 'बघू' म्हणाल्या. हॉल आधीच घेतलेला, म्हणून आपण जमलो.

मघाशी आपले चिटणीस देवव्रत दारात शाल घेऊन उभे होते. वहिनींनी विचारलं, "एकच आणलीत?"

"वहिनी, तुमचं नक्की नव्हतं, म्हणून..."

"मग त्या डोंगरावर मी काय कुडकुडत बसू? पहिल्या सुट्टीत नेणार आहेत हे. दिवसभर गाडी तेच चालवतील."

संजीवराव तिथेच खुर्ची शोधू लागले. आणि देवव्रत 'यल्ला, आलोच' म्हणत दुसरी शाल आणायला नजम्याच्या बाजारात पळाले. तेव्हा भाषण लांबलं असेल, तर दोष माझा नाही, रस्ते खणणाऱ्यांचा.

आले बघा, घामाघूम. आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. संजीवराव, तुम्ही बसा जरा.

वहिनी, उठा. आधी तुमची शाल.