लिहिणाऱ्यानं मागे चालायचं

बाई : तिला नाही विचारायचं, सर. कागदाला विचारायचं.

हेडसर : अहो बाई, पोरगी मागे उभी आहे आपल्या! घर तिचं, रोजची वाट तिची. 'कुठल्या बाजूला गं?' एवढं विचारलं तर काय आभाळ कोसळणार आहे?

बाई : तिसरीच्या वर्गाचा नियम आहे. मुलांनी आपापल्या घरचा रस्ता लिहायचा, आणि शाळा सुटली की मी तो वाचत वाचत जायचं. वाचणारा पुढे, लिहिणारा मागे. लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

टकळी : मी कुठे उघडलंय!

बाई : हे काय होतं मग?

टकळी : हे शेवटचं.

हेडसर : हिला उगीच का टकळी म्हणतात सगळे! जीभ एवढी चालते, आणि हातात पेन्सिल दिली की गोगलगाय. मागच्या खेपेला काय लिहिलं होतं हिनं? 'सरळ जा, घर येतं.'

बाई : गेले की सरळ. बसडेपो आला. ड्रायव्हर म्हणाला, बसा मावशी, सुटतेय.

हेडसर : हसू नका. त्याआधी कुणीतरी 'निळ्या दारातून आत या' लिहिलं, तर तुम्ही थेट न्हाव्याच्या दुकानात शिरलात, तेही मागच्या दारानं. गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लागता लागता राहिला. त्याचा फोन मला आला, तुम्हाला नाही!

बाई : आणि त्या पोरानं कुणी न सांगता सगळं नव्यानं लिहून आणलं. 'निळी दारं दोन आहेत. पहिलं आमचं नाही.' फळ्यावरचा निबंध उतरवताना कुणी असं केलं होतं कधी?

हेडसर : फळ्यावरच्या निबंधापायी कुणी न्हाव्याकडेही गेलं नव्हतं. पालकांना वहीत सुबक अक्षर दिसलं पाहिजे, बाई. आपलं ठरलंय. आज पोचलो तर पोचलो. नाही पोचलो, तर तुमची ही वरात बंद, आणि ही उद्यापासून लेखनाच्या तासाला दुसरीच्या वर्गात बसून गिरवणार.

टकळी : दुसरीत माझा भाऊ आहे!

बाई : टकळे, तोंड.

टकळी : तो सगळ्या गल्लीला सांगेल!

बाई : म्हणून तर म्हणते, गप्प चल. वाचा, सर.

हेडसर : 'फाटकातून बाहेर या. ज्या बाजूला बघून डोळे बारीक होतात, त्या बाजूला जा.' हे काय लिहिणं झालं? पश्चिम म्हणायला काय झालं?

बाई : इकडे बघा. झाले बारीक?

हेडसर : झाले.

बाई : मग चला.

हेडसर : सकाळी हे लागू पडणार नाही, सांगून ठेवतो.

बाई : सकाळी ती घरी कशाला जाईल?

हेडसर : हं. 'पुढे सायकलवाल्याचं दुकान आहे. तिथे टायरांचा ढीग आहे. तो माझ्या आईएवढा उंच आहे.' आता हिची आई केवढी, हे मला काय ठाऊक? वाचणाऱ्याला जे माहीत नाही, ते सांगून उपयोग काय?

बाई : अगदी बरोबर. हे तुम्ही उद्या वर्गात येऊन सांगा.

हेडसर : मी तक्रार करतोय, बाई.

बाई : छान करताय. ढीग तर सापडला. पुढे?

हेडसर : 'मग एक तपकिरी कुत्रा झोपलेला दिसेल. तिथे उजवीकडे वळा.' कुत्रा... कुठाय कुत्रा? इथे बोळ एक, दोन, तिकडे आणखी एक. कुत्रा नाही! संपलं, बाई. कुत्र्याच्या भरवशावर रस्ता सांगतात होय?

टकळी : अं! अं! अंऽऽ!

बाई : मान हलवायची नाही, बोटही दाखवायचं नाही. सर, वाट अडली की लिहिणाऱ्याला एक संधी मिळते. अडलेलं वाक्य खोडायचं, त्या जागी नवं लिहायचं. टकळे, ही घे पेन्सिल. आता कुठे ठेवून लिहिणार? सर, जरा वाका.

हेडसर : मी? कशाला?

बाई : रस्त्यात बाक कुठून आणू? पाठ द्या.

(हेडसर आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना ते पाहून गुडघ्यांवर हात टेकून वाकतात. ओळखीचा सायकलवाला असतो, पण तो शहाण्यासारखा टायरात तोंड घालतो.)

हेडसर : लवकर आटप म्हणावं. गुदगुल्या होतात.

बाई : हलू नका.

हेडसर : थांबली का ही? काही लिहीत नाहीये.

बाई : विचार करतेय.

हेडसर : खोडतेय आता. जोरात खोडतेय! माझा शर्ट...

बाई : शर्ट धुता येईल.

हेडसर : पुन्हा लागली लिहायला. एक शब्द... दोन... पुन्हा अडली. बाई, मला पाठीवर कळतंय ही कुठे अडते ते! मी इतकी वर्षं नुसत्या वह्या बघितल्या. वहीत हे काही दिसत नाही हो.

बाई : वही येते तोवर सगळं होऊन गेलेलं असतं.

हेडसर : श्श. बोलू नका, तिचं चित्त जाईल. हां... हां... सुटली! आता कशी भराभर चाललीय! लिही गं, लिही. माझी चिंता करू नकोस.

टकळी : झालं!

हेडसर : आण इकडे. मी वाचतो. 'कुत्रा नसला तरी त्याची जागा असते. तो रोज भिंतीला घासून झोपतो, म्हणून तिथला रंग खाली निघालाय. मोठ्या माणसांनी वाकून बघा.' वाकून... थांबा, मी बघतो. ही भिंत नाही. ही पण नाही. अहो बाई, ही बघा! ही बघा, केस सुद्धा चिकटलेत! सापडली!

बाई : हळू सर, खिडक्या उघडल्या लोकांनी.

हेडसर : उघडू द्या. उजवीकडे! चला, मागे काय राहता? 'आता गल्ली बारीक होते. एकामागे एक चाला. वर कपडे वाळत असतात, डोकं सांभाळा.' हिला वाटलं काय, मी काय... आई गं! टाळूवरच पडलं!

टकळी : लिहिलं होतं मी!

बाई : लिहिलं होतं तिनं.

हेडसर : लिहिलं होतं, कबूल. गार आहे पाणी. 'शेवटचं दार आमचं. कडी वाजवू नका, ती हातात येते. हाक मारा. आमच्या घरी शाळेतलं कुणी आलेलं नाही. कारण तोंडी सांगून घर कुणाला सापडत नाही.'

बाई : वाचा पुढे.

हेडसर : पुढे नाही काही. एवढंच आहे.

बाई : मग मारा हाक.

हेडसर : आहे का हो घरात कुणी?

आई : कोण आहे? अगं बाई, हेडसर! बाई, तुम्ही पण! काय केलं हो हिनं? हिच्या तोंडाला कितीदा सांगितलं मी...

हेडसर : तोंडानं काही नाही केलं, ताई. हिनं लिहिलं, आणि आम्ही आलो.