टाळीचा खड्डा

या, जवळ बसा, सावेडीतल्या टायरच्या दुकानात ऐकलेली गंमत सांगते. संध्याकाळी काष्टीत पंकजाचं पहिलंच कीर्तन होतं आणि तिच्या आईला, रंगुबाईंना, वेळेत पोचायची घाई होती. वाटेत नवऱ्यासोबत त्या गाडी घेऊन दुकानातल्या वाल्मिकदादाकडं थांबल्या.

“वाल्मिकदादा, टायर आतल्याच बाजूनं कसा झिजला?”

“अलाइनमेंट गेलंय, मावशी, चाकं तिरकी झालीत. काका, गाडी कुठं आपटली हुती का?”

“न्हाई बा!”

“व्हय की! घोडेगावजवळ गाडीत अभंग रंगला, अन् ह्यांनी स्टेअरिंग सोडून टाळ्या वाजवल्या. गाडी थेट खड्ड्यात!”

“अगं, इठ्ठलाचं नाव आल्यावर हात ऱ्हातात व्हय?”

“घ्या, चाकं सरळ केली, झिजका टायर मागच्या चाकाला लावला. बिनघोर जा काष्टीला.”

“चला, किल्ली द्या इकडं. गाडी मी चालवते, तुमी वाजवा टाळ्या!”

मंडळी, कीर्तनात टाळी वाजवाल तेव्हा आमच्या वाल्मिकदादाला आठवा.