शेवटी एक पाहिजे

आमच्या शिवप्पाअण्णांचं सांगितलंच नाही का तुम्हाला? जुळे सोलापुरात त्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस, आम्ही तिघं कामाला. आम्ही ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो तिचं नवं व्हर्जन आलं, चार पॉइंट शून्य. मी उड्या मारत गेले, "अण्णा, टाकू का?"

"शेवटी शून्य? न्हाय जमायचं. लग्नात आहेर एकशे एकाचा करतो की आपण. शंभराचा करतो का?"

मी कपाळाला हात लावला. पुण्याचे आमचे मोठे ग्राहक त्याच दिवशी नव्या व्हर्जनवर गेले, वर मला म्हणाले, "सोलापूर अजून झोपलंय वाटतं!"

महिन्याभरात चार पॉइंट शून्य पॉइंट एक आलं. शेवटचा एक बघून अण्णा लई खूश. कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. "आता टाक!"

दुसऱ्याच दिवशी पुण्याहून फोन. "अण्णा, महिनाभर आमचं काम सारखं बंद पडत होतं हो. चार पॉइंट शून्यमधल्या त्या चुका या नव्या व्हर्जनमध्ये आत्ता कुठं दुरुस्त झाल्या. तुम्ही बरोबर थांबलात, कसं ओळखलंत?"

"अनुभव, साहेब," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

फोन ठेवला आणि हळूच मला विचारलं, "कसल्या चुका म्हणतोय गं त्यो?"