सावंतकाकांचा जबडा

हसू नका रे, पण माझ्या दातांच्या दवाखान्यातली सगळ्यात अवघड तपासणी एका पापलेटने पार पाडलीये.

अंधेरीचे सावंतकाका आले, सोबत काकू. झोपेत काकांचा श्वास अडकतो आणि घोरण्याने काकूंची झोप उडते. झोपताना नाकावर लावून हवा सोडणारं मास्कवालं मशीन काकांना नकोच. म्हटलं, दातांवर बसवायचं यंत्र चालतंय का बघू. ते झोपेत खालचा जबडा पुढे धरून ठेवतं. काकांचा त्रास सौम्य, दात स्वतःचे, घट्ट. फक्त जबडा नीट पुढे यायला हवा, नाहीतर यंत्र बाद.

"काका, खालचा जबडा पुढे काढा."

काकांनी मान पुढे काढली.

"मान नाही, जबडा."

काकांनी जीभ काढली. मी करून दाखवलं, तर मलाच बघून हसत बसले! मी हात टेकले.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "डॉक्टर, मोजपट्टी तयार ठेवा." मग काकांकडे वळून, "परवा वर्सोव्याहून आणलेलं पापलेट शिळं होतं हं."

"शिळं? माका मासे ओळखूक शिकवतंस?" काका उसळले, आणि खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येऊन थांबले. मी झटकन मोजलं. झकास!

"काकू, जमलं! आता यंत्र लावलं की रात्रभर जबडा असाच पुढे राहील."

"म्हणजे रात्रभर हाच रागावलेला चेहरा?"

"हो, पण आवाज बंद."

काकू खुर्चीत पुढे सरकल्या. "डॉक्टर, मग दिवसापण लावलं तर चालेल ना?"