उन्हाची वीज आणि लूर्डसबायवरचा आळ

आजच्या समारंभाचे आणि आपल्या भाजी-फूल उत्पादक संस्थेचे नवे अध्यक्ष माननीय सिप्रियनकाका, व्यासपीठावरील आदरणीय फादर ॲन्सेल्म, सत्कारमूर्ती लूर्डसबाय, आणि नंदाखाल, वटार, सांडोरहून आलेल्या सभासद बंधूभगिनींनो, सर्वांना सविनय नमस्कार.

मी विनया, संस्थेची कोल्ड रूम सांभाळते. पद सोडणाऱ्या अध्यक्षा लूर्डसबाय यांच्याविषयी चार गोड शब्द बोलावेत, असं मला सुचवण्यात आलं होतं. ते आज जमणार नाही. मी रागात आहे, आणि राग गिळून हार घालणं मला येत नाही.

कोल्ड रूमच्या छपरावर सोलर बसवायचा आग्रह लूर्डसबायचा. तेव्हाचा हिशोब सरळ होता. दिवसा जास्तीची वीज बाहेर द्यायची, रात्री तेवढीच युनिटं परत घ्यायची. बिल नावापुरतं उरलं. याच सभागृहात तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

मग दरांची रीत बदलली. उन्हात तयार झालेलं युनिट उन्हातल्याच वापरातून वजा होणार. संध्याकाळच्या वापराला ते चालणार नाही, आणि संध्याकाळचा दर सगळ्यांत चढा. आता सांगा, आपला माल कोल्ड रूममध्ये येतो कधी? दिवस कलल्यावर. म्हणजे मशीन जोरात चालायचं ते नेमकं महागाच्या वेळी, आणि दुपारची वीज मातीमोल भावाने बाहेर जायची. ज्या नियमाच्या भरवशावर पॅनल चढवली, तोच मध्येच फिरवावा? आम्ही दोघी वीज कार्यालयात गेलो. नियम वरून आलाय, एवढं सांगून साहेबांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

तो राग आहेच. पण त्याहून मोठा राग या सभागृहावर आहे.

बिल फुगल्यावर आपली सभा भरली. सिप्रियनकाका उठले आणि भर सभेत म्हणाले, "बाय, पॅनलवाल्याकडून कमिशन किती घेतलंस?"

काही जण हसले. लूर्डसबाय शांतपणे म्हणाल्या, "सिप्रियन, ऊन तेवढंच पडतंय. त्याचा भाव बदललाय."

किती जणांनी ऐकून घेतलं? त्यानंतर त्या चर्चमध्ये रविवारच्या मोठ्या मिस्साला दिसेनाशा झाल्या. पहाटेच्या मिस्साला यायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या आणि कुणी बाहेर पडायच्या आत निघून जायच्या. तोंड चुकवायची वेळ खरं तर कुणावर यायला हवी होती?

तेव्हाच राजीनामा देऊन त्या मोकळ्या झाल्या असत्या. तसं केलं नाही. दुपारच्या फुकट जाणाऱ्या विजेवर बर्फ का करून ठेवू नये, असं त्यांच्या मनात आलं. भिंतींना लागून पाण्याचे डबे लावले. ऊन असेतो मशीन जोरात चालवायचं, डबे गोठवायचे, संध्याकाळी मशीन बंद ठेवून त्या बर्फावर खोली थंड राखायची. पहिल्या खेपेला अळूची पानं काळी पडली, मोगरा वाया गेला. सगळा माल त्यांच्या स्वतःच्या वाडीतला होता. तुमची एक जुडीसुद्धा त्यांनी प्रयोगाला लावली नाही. डबे हलवून, थंडावा कमी-जास्त करून त्या पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. शेवटी जमलं. बिल उतरलं. तुमचा माल ताजा राहिला.

त्यानंतर त्यांनी राजीनामा दिला. आणि तुम्ही काय केलंत? शाल आणलीत. कमिशनचा शब्द मात्र कुणी मागे घेतला नाही.

फादर, आपण हॉल दिलात, स्वयंपाकघरातल्या बहिणी सकाळपासून राबताहेत, त्यांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्याने सभासदांपैकी कुणाला लागलं असेल, तर लागू द्या. पण लूर्डसबाय, तुमची क्षमा मागते. कुणाचं नाव घेऊ नकोस, असं तुम्ही सकाळी मला बजावलं होतंत. मी ते ऐकलं नाही.

सिप्रियनकाका, हा माईक घ्या. शाल तुमचं बोलणं झाल्यावर.