अंगठ्याखालची गाठ

(क्वीन्सलँडमधलं गुरांचं फार्म. सकाळी वासरांच्या आवारात नेरिडा आणि तिचा बाप मर्व्ह.)

नेरिडा : इथे अंगठा ठेव, डॅड. लागली गाठ?

मर्व्ह : केसांचा भोवरा असेल.

नेरिडा : भोवरा असा टोचत नाही. शिंग येतंय. हे सतरावं वासरू. आपला नवा वळू जन्माचा बिनशिंगी, त्याच्या वासरांना शिंगं येत नाहीत, म्हणून तर आणला ना?

मर्व्ह : त्यात काय एवढं? डागणी तापवतो. शिंगांच्या कोंबांवर दोन डाग दिले की वाढ संपली. नाहीतर मोठी होऊ दे, कात्रीने छाटू.

नेरिडा : कात्रीचं नाव काढू नकोस. बारा वर्षांची होते मी, त्या कालवडीचं डोकं मीच धरलं होतं. रक्त थांबेना, माझ्या हातातच गेली. म्हणून तर ठरलं आपलं. तू शिंगं कापणं बंद करायचं, मी ब्रिस्बेनची नोकरी सोडून इथे राहायचं. हात मिळवलास तू.

मर्व्ह : कुंपण पडलं असेल कधीतरी. आपला जुना शिंगवाला वळू, तो म्हातारा तांबड्या, शिरला असेल आत.

नेरिडा : आईकडून परत आले तेव्हा सगळं कुंपण फिरून पाहिलंय मी. एक तार हललेली नव्हती. गेट कोणी उघडलं?

मर्व्ह : मी.

नेरिडा : का?

मर्व्ह : तुझा वळू आठवड्यात लंगडा झाला. गाई गाभण न राहता रिकाम्या राहिल्या असत्या.

नेरिडा : आणि मी टाउन्सव्हिलच्या हॉस्पिटलात आईच्या उशाशी. रोज तुझा फोन, वळू झकास काम करतोय म्हणून. मी ते तिला सांगायचे. तिला बरं वाटायचं.

मर्व्ह : तिच्यासाठीच बोललो गं.

नेरिडा : तिला खोटं मी सांगितलं, डॅड. तुझ्यामुळे. आणि ती गेल्यावर? इतके महिने एका टेबलावर जेवतोय आपण. दोन्ही वळू तांबडे, हिला काय कळणार, असंच ना? फसवलंस मला.

मर्व्ह : सांगितलं असतं तर तू निघून गेली असतीस.

नेरिडा : वळू लंगडला म्हणून कोण घर सोडतं? दुसरा आणला असता.

मर्व्ह : मग आता? डागणीच ना?

नेरिडा : डागणीच. पण आधी प्रत्येकाला बधिर करायचं इंजेक्शन, मग दहा मिनिटं थांबायचं.

मर्व्ह : सगळा दिवस जाईल.

नेरिडा : जाऊ दे. डोकी मी धरते.

मर्व्ह : आणि झाल्यावर?

नेरिडा : झाल्यावर गेट उघड. मला गाडी बाहेर काढायचीय.